शाळेला सुट्टी, ड्युटीला नाही

एप्रिल महिना अर्धा सरला की भिलाईच्या आमच्या रेल्वे वसाहतीत दोन तऱ्हेचे चेहरे दिसू लागतात. परीक्षा आटोपली म्हणून मुलांचे चेहरे फुललेले असतात. आता ही मुले दिवसभर कुणाकडे सोपवायची, या चिंतेने आई-बापांचे चेहरे उतरलेले असतात. वर्षाचे दहा महिने शाळा मुलांना सांभाळते आणि आपण निर्धास्तपणे कामावर जातो. उन्हाळ्याचे दोन महिने शाळा आपले दार लावून घेते. आपले यार्ड, आपले स्टेशन, आपले पोस्ट ऑफिस मात्र दार लावत नाही.

कामगारांच्या मासिकात मुलांच्या सुट्टीवर लेख कशाला, असे काही बंधूंना वाटेल. रिक्त जागा, पेन्शन, ठेकेदारी हे प्रश्न संपले काय? संपलेले नाहीत, आणि त्यांवर आम्ही याच पानांतून लिहीत आलो आहोत. पण युनियनच्या कार्यालयात बसले की लक्षात येते की मे महिन्यात येणाऱ्या दर दोन तक्रारींपैकी एक रजेची असते, आणि रजेच्या तक्रारीच्या मुळाशी बहुधा घरी एकटे असलेले मूल असते. ते मूल आमच्या मागणीपत्रात कुठेच नाही. वसाहतीच्या गटारांवर आम्ही तीन कलमे लिहिली, मुलांवर एकही लिहिले नाही. हा लेख आधी आमच्याच चुकीची कबुली आहे.

आता हिशेब पाहा. छत्तीसगढात शाळांची उन्हाळी सुट्टी साधारणपणे १ मे ते १५ जून अशी असते. २०२४ साली ऊन वाढले म्हणून सरकारने ती २२ एप्रिलपासूनच जाहीर केली आणि पुढे शाळा उघडण्याची तारीख २६ जूनपर्यंत लांबवली. म्हणजे सलग पासष्ट दिवस. २०२५ सालीही सुट्टी २५ एप्रिललाच लागली. मुलांना उन्हात शाळेत बोलावू नये, हे आम्हालाही मान्य आहे. नवतपाच्या दिवसांत इथे काय भट्टी पेटते ते ट्रॅकवर उभे राहणाऱ्याला सांगावे लागत नाही. पण सुट्टी अलीकडे आणताना आणि पलीकडे ढकलताना ही मुले राहणार कुठे, हा प्रश्न कुणाच्या मनात येत नाही. आयजीच्या जिवावर बायजी उदार, तसा हा प्रकार आहे.

रेल्वे कामगाराला वर्षाला तीस दिवस एलएपी मिळते. नवरा-बायको दोघेही सरकारी नोकरीत आहेत असे समजा. दोघांनी आपली वर्षाची सगळी अर्जित रजा मुलांसाठी एकामागून एक घातली, तर साठ दिवस होतात. पासष्टातले पाच दिवस तरीही उरतात. साप्ताहिक विश्रांती धरली तर कागदावर हिशेब सुटेल, पण मग वर्षभरात आजारपण, लग्नकार्य, गावची मयत यांसाठी रजा कुठून आणायची? आणि सबंध उन्हाळ्यात आई-बाप रजेवर एकत्र असा एकही दिवस त्या मुलाच्या वाट्याला येत नाही. हे झाले दोघांची रजा मंजूर होते असे धरून. मे महिन्यात रजा कशी मंजूर होते, हे वाचकांना आम्ही काय सांगावे!

रजा मिळत नाही याला निव्वळ साहेबांचा दुष्टपणा कारण नाही. आपल्या कामाची रचनाच तशी आहे. उन्हाळा वाढला की विजेची मागणी वाढते. वीज वाढली की कोळसा लागतो. कोळसा लागला की आमच्या दक्षिण पूर्व मध्य रेल्वेवर मालगाड्यांची रांग लागते. भिलाईचे यार्ड तेव्हा रात्र ओळखत नाही, दिवस ओळखत नाही. प्रवाशांसाठी उन्हाळी विशेष गाड्या सुटतात, त्यांनाही माणसे लागतात. ज्या महिन्यांत मुले घरी असतात, नेमक्या त्याच महिन्यांत बाप सर्वांत जास्त बाहेर असतो. लोको पायलट आणि ट्रेन मॅनेजर यांच्या घरी तर तो कधी येईल हेही सांगता येत नाही. मुख्यालयी आल्यावर सोळा तासांची विश्रांती नियमात आहे, पण ती दिवसा मिळाली तर दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये बाप झोपतो आणि मुलांनी तोंडाला कुलूप लावून बसायचे. सुट्टीत सुद्धा मुले आवाज न करता खेळतात, असे घर फक्त रनिंग स्टाफचेच असते.

पूर्वी या प्रश्नाला एक सोपे उत्तर होते, ते म्हणजे आजोळ. आम्ही १९९१ साली मॅट्रिकच्या प्रमाणपत्रावर खलाशी म्हणून लागलो. आमची मुले लहान असताना मे महिना लागला की सौभाग्यवती त्यांना घेऊन भंडारा जिल्ह्यातील माहेरी जात. तो भाग पुढे १९९९ साली गोंदिया जिल्ह्यात गेला. तिथे आंबे होते, बोडी होती, मोहाखाली बाजा टाकलेल्या होत्या आणि मुलांवर नजर ठेवायला दहा म्हातारी माणसे होती. आम्ही इथे खानावळीत जेवत होतो आणि सुट्टीचा प्रश्न सुटला असे समजत होतो. खरे म्हणजे तो आम्ही सोडवला नव्हता. आमच्या सासूबाईंनी, मेहुण्यांच्या बायकांनी आणि आमच्या पत्नीने तो बिनपगारी सोडवला होता. पुढे मुले मोठी झाली आणि आम्हाला कळले की आम्ही त्यांना बहुतेक झोपलेलीच पाहिली आहेत.

आज ते आजोळ उरलेले नाही. म्हातारी माणसे गेली किंवा मुलांकडे शहरात आली. शेती वाटली गेली. आजोळी नेऊन सोडणारी आईच आता कामावर असते. पासची सोय आपल्याला आहे, पण नुसत्या पासावर बर्थ मिळत नाही. नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षण साठ दिवस आधीच करता येते, आणि रजा मंजूर होते निघण्याच्या आदल्या आठवड्यात. त्यात २०२२ च्या एप्रिल-मे महिन्यांत कोळशाच्या गाड्यांना वाट देण्यासाठी आपल्या झोनवरील अनेक प्रवासी गाड्या रद्द झाल्या. तेव्हा आमच्या वसाहतीतील एका सहायक लोको पायलटची मुले पिशव्या भरून बसली होती. त्यांची गाडी रद्द झाली, आणि त्यांचा बाप त्याच दिवशी कोळशाची गाडी घेऊन गेला. यात दोष कुणाला द्यावा? देशाला वीज हवीच होती. पण तिची किंमत कुणी चुकवली, याची नोंद कुठे तरी व्हायला हवी, म्हणून आम्ही ती इथे करीत आहोत.

आता एक घटना सांगतो. ती सांगताना आजही हात थरथरतो. काही वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातील दुपार होती. एका यार्डात उभ्या असलेल्या टाकीच्या वॅगनवर चार मुले चढत होती. वर पंचवीस हजार व्होल्टची तार. त्या तारेला हात लावावा लागत नाही, दोन मीटरच्या आत गेले तरी जीव धोक्यात येतो, हे तुम्हा-आम्हाला प्रशिक्षणात शिकवलेले असते. मुलांना कुणी शिकवले? एका पॉइंट्समनने लांबून पाहिले. तो ओरडला नाही. ओरडलो तर मुले दचकून वर पळतील, हे त्याला सुचले. तो गप्प चालत गेला, खाली उभा राहिला आणि हळू आवाजात म्हणाला, "पोरांनो, खाली या, कुल्फीवाला आलाय." मुले उतरली. त्यानंतर तो पॉइंट्समन रुळाशेजारी मटकन खाली बसला आणि त्याला उठवायला दोन माणसे लागली.

ती मुले कुणा परक्याची नव्हती. आपलीच होती. एकाचा बाप गाडी घेऊन गेलेला होता, आई एका दवाखान्यात आयाचे काम करीत होती. दुसऱ्याची आई ठेकेदाराकडे डबे धुण्याच्या कामावर होती. घराची किल्ली दोऱ्यात ओवून मुलांच्या गळ्यात घातलेली होती. आणि त्या वेळी आम्ही, युनियनचे पदाधिकारी, कुठे होतो? कूलर लावून कार्यालयात मागणीपत्राचा मसुदा वाचत होतो.

दुसऱ्या दिवशी लोक त्या आयांना बोल लावू लागले. पोरांना मोकळे सोडून ही बाई कामावर जातेच कशी, असे आमच्याच सभासदांनी विचारले. बाप कामावर कसा जातो, हे एकानेही विचारले नाही. बंधूंनो, इथेच आपली मोठी चूक आहे. सुट्टीतील मूल हा बायकांचा प्रश्न आहे असे आपण ठरवून टाकले, म्हणून तो पुरुषांनी भरलेल्या युनियनच्या कार्यालयात कधी आलाच नाही. आता काळ बदलला आहे. सातारच्या सुरेखा यादव १९८० च्या दशकात इंजिनवर चढल्या तेव्हा लोक कौतुकाने पाहायला येत. सप्टेंबर २०२५ मध्ये त्या निवृत्त झाल्या, तोवर रेल्वेत लोको पायलट, पॉइंट्सवुमन, ट्रॅक मेंटेनर अशा सर्व जागांवर बहिणी काम करू लागल्या होत्या. पोस्टात तर काउंटरपासून बीटपर्यंत त्या दिसतात. आता मुलाचा प्रश्न घरी ठेवून येणे कुणालाच शक्य नाही.

कायदा काय म्हणतो, तेही पाहू. १९४८ च्या कारखाना कायद्याने पाळणाघराची तरतूद केली. आधी पन्नासहून अधिक स्त्रिया कामावर असतील तिथे, आणि १९७६ च्या दुरुस्तीनंतर तीसहून अधिक असतील तिथे. २०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती होऊन पन्नास किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेला पाळणाघर बंधनकारक झाले. या तरतुदी लढून मिळाल्या आहेत, त्यांचे मोल आम्ही कमी लेखत नाही. पण पाळणाघर म्हणजे सहा वर्षांच्या आतील मूल. सातव्या वर्षी मूल पाळणाघरातून बाहेर पडते ते शाळेत जाते, आणि शाळा दोन महिने बंद असते. कायद्याच्या नजरेला ते दोन महिने दिसतच नाहीत. टाकीवर चढलेली चारही मुले सात ते बारा वर्षांची होती.

दुसरी सोय बालसंगोपन रजेची. केंद्रीय कर्मचारी महिलांना २००८ पासून ही रजा मिळते. मूल अठरा वर्षांचे होईपर्यंत, पहिल्या दोन मुलांसाठी, सबंध नोकरीत ७३० दिवस. सातव्या वेतन आयोगानंतर ती एकट्याने मूल सांभाळणाऱ्या पुरुषालाही लागू झाली. पहिले ३६५ दिवस पूर्ण पगार, पुढचे ३६५ दिवस ऐंशी टक्के. तरतूद चांगली आहे, पण ती हक्क म्हणून मागता येत नाही. साहेबांच्या मर्जीवर आणि माणसांच्या संख्येवर ती अवलंबून असते, आणि मे महिन्यात माणसे नसतात. ज्याची पत्नी हयात आहे, सोबत आहे, पण स्वतः कामावर जाते, त्या बापाला ती नाहीच. ग्रामीण डाक सेवक भगिनीला ती नाही. ठेकेदाराकडच्या बाईला तर ती नाहीच नाही.

यावर कुणी म्हणतील, हे घरचे प्रश्न, यात युनियनने पडू नये. त्यांना आम्ही नारायण मेघाजी लोखंडे यांची आठवण देतो. लोखंडे आपल्यासारखेच मॅट्रिकपर्यंत शिकलेले. त्यांनी आधी रेल्वेत नोकरी केली, मग पोस्टात केली, आणि नंतर मुंबईच्या गिरणीत गेले. म्हणजे या मासिकाच्या दोन्ही वाचकांचे ते पूर्वज. १८८४ साली त्यांनी गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि १८९० साली रविवारची सुट्टी मिळवून दिली. त्याआधी रविवार हा गिरणी कामगाराच्या घरचा प्रश्न होता. त्यानंतर तो कामगारांचा हक्क झाला. पुढे कामाच्या तासांचेही तेच झाले. १९४७ साली न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या निवाड्याने रेल्वे कामगारांच्या कामाच्या आणि विश्रांतीच्या वेळा वर्गवार ठरल्या, तोपर्यंत कामगार किती झोपतो हीही त्याच्या घरचीच बाब समजली जात होती. घरची बाब आणि युनियनची बाब यांच्यामधली रेषा आपल्या पूर्वजांनी वारंवार पुढे सरकवली आहे.

कुणी म्हणतील, पैसा कुठून आणायचा? त्यांनी आपल्याच घरात शोधावे. रेल्वेत कर्मचारी हित निधी आहे, त्यातून मुलांची शिबिरे घेण्याची प्रथा आहे. पोस्टातही कर्मचारी कल्याण मंडळ आहे. प्रत्येक मोठ्या वसाहतीत इन्स्टिट्यूटचे सभागृह आहे आणि ते लग्नाची तिथी सोडली तर रिकामे असते. महाराष्ट्रात १९५३ च्या कायद्याने कामगार कल्याण मंडळ उभे राहिले आणि त्याच्या केंद्रांतून कामगारांच्या मुलांसाठी शिशुमंदिरे चालली. इथे शेजारी भिलाई पोलाद कारखाना दर उन्हाळ्यात मुलांसाठी खेळांची प्रशिक्षण शिबिरे भरवतो. भल्या पहाटे मैदानांवर शेकडो मुले दिसतात, ते पाहून बरे वाटते. हा कारखाना सोविएत मदतीने उभा राहिला. त्या देशात कामगार संघटनांच्या पैशाने उन्हाळी शिबिरे चालत. फ्रान्समध्ये रेल्वे कामगारांच्या निवडून आलेल्या समित्या आजही मुलांना सुट्टीत समुद्रावर आणि डोंगरावर नेतात. ते देश श्रीमंत असतील, पण सुरुवात त्यांनी श्रीमंत झाल्यावर केली नव्हती. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला अंगणात बालवाडी मांडली, तेव्हा त्यांच्याजवळ इमारत तरी कुठे होती? मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, एवढा एक विचार मात्र होता.

सरकारलाही हे माहीत नाही असे नाही. २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने दुष्काळी भागात उन्हाळी सुट्टीतही शाळेतील मध्यान्ह भोजन चालू ठेवण्याचा आदेश दिला होता. मुलाच्या भुकेला सुट्टी नसते, हे न्यायालयाने मान्य केले. मग मुलाच्या सुरक्षिततेला सुट्टी असते काय?

मागच्या उन्हाळ्यात आम्ही शाखेतर्फे एक लहानसा प्रयोग केला. त्यातले यश सांगतो, आणि अपयशही सांगतो. सकाळी सात ते अकरा या वेळात सभागृह मागून घेतले. तेवीस मुले आली. एक निवृत्त गार्डसाहेब जुन्या वर्किंग टाइमटेबलवरून भूगोल शिकवू लागले. बिलासपूर ते नागपूर प्रत्येक स्टेशन मुलांना पाठ झाले. एका निवृत्त पोस्टमनदादांनी पोस्टकार्ड लिहायला शिकवले. मुलांनी आपापल्या आजीला पत्रे लिहिली आणि उत्तरे आली तेव्हा दादांनीच ती खाकी टोपी घालून वाटली. उत्तर भारतातील, आंध्रातील, छत्तीसगढी, मराठी अशी सगळी मुले एकत्र बसली. ताक मिळत होते. मुले खूश होती आणि आम्हीही छाती फुगवून फिरत होतो.

मग एका भगिनीने आम्हाला जमिनीवर आणले. त्या म्हणाल्या, "सचिवसाहेब, तुमचे शिबिर अकराला सुटते, माझी ड्युटी पाचला सुटते. मधले सहा तास पोरगं कुठे ठेवू?" आम्ही निरुत्तर झालो. शिबिराची वेळ ठरवताना आम्ही सभागृहाची सोय पाहिली, शिकवणाऱ्यांची सोय पाहिली, आयांची ड्युटी विचारलीच नव्हती. चौथ्या आठवड्यात गार्डसाहेब आजारी पडले आणि शिबिर बंद झाले. हौसेवर चाललेले काम हौस संपली की संपते. म्हणून आता आम्ही हौस म्हणून नव्हे, मागणी म्हणून बोलत आहोत.

आमच्या मागण्या चार आहेत. पहिली, प्रत्येक मोठ्या वसाहतीत सुट्टीच्या पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत उन्हाळी बालकेंद्र चालावे. त्याची वेळ ड्युटीला जुळणारी असावी, तिथे पगारी आणि शिकलेल्या ताई असाव्यात, आणि रेल्वे, पोस्ट, ठेकेदारी असा भेद न करता सर्व कामगारांच्या मुलांना प्रवेश असावा. दुसरी, ज्यांची मुले शाळेत आहेत त्या प्रत्येकाला उन्हाळ्यात किमान एक आठवडा रजेची हमी मिळावी आणि तिचा तक्ता फेब्रुवारीअखेर लागावा, म्हणजे साठ दिवस आधी तिकीट काढता येईल. तिसरी, बालसंगोपन रजा दोघेही कामावर असलेल्या घरातील बापाला आणि ग्रामीण डाक सेवकांना लागू व्हावी. चौथी, राज्य सरकारने सुट्टीच्या तारखा हलवताना सकाळच्या वेळी शाळेच्या इमारती खेळासाठी आणि जेवणासाठी उघड्या ठेवाव्यात.

यातली पहिली मागणी मान्य होण्याची वाट न पाहता शाखांनी एक काम लगेच करावे. मार्च महिन्यात घरोघर जाऊन एक यादी करावी. कोणत्या क्वार्टरमध्ये किती मुले, आई-बापांची ड्युटी काय, सुट्टीत मूल कुणाजवळ राहते. आम्ही आमच्या वसाहतीत ही यादी सुरू केली आहे. "कुणाजवळ राहते" या रकान्यात पहिल्याच दिवशी अकरा घरांनी "कुणाजवळ नाही" असे लिहून दिले. प्रशासनासमोर बसताना आमच्या हातातला सर्वांत भक्कम कागद आता तोच आहे.

शेवटी घरची एक गोष्ट. आमची मुलगी विदर्भात पोस्टात कामाला आहे. तिकडच्या शाळा तर उर्वरित महाराष्ट्राच्याही नंतर उघडतात. परवा तिचा फोन आला. नातू आठ वर्षांचा झाला आहे. ती म्हणाली, "बाबा, मे महिन्यात आई येऊन राहील का?" आम्ही सवयीने हो म्हणणार होतो. मग सौभाग्यवतींकडे पाहिले. तीस वर्षे त्यांनी आमच्या सुट्ट्यांचा प्रश्न सोडवला, आता गुडघे धरून चालतात. आम्ही मुलीला म्हणालो, "आई येणार नाही, मी येतो. पंधरा दिवसांची रजा टाकली आहे."

रजा अजून मंजूर झालेली नाही. पण अर्जात कारण म्हणून आम्ही प्रथमच खरे ते लिहिले आहे. आजवर शेतीचे काम, नातलगाचे आजारपण असे लिहीत आलो. या वेळी लिहिले, "नातवाला सांभाळणे". बंधू-भगिनींनो, तुम्हीही या उन्हाळ्यात अर्जात खरे कारण लिहा. हजारो अर्जांवर एकच कारण दिसेल, तेव्हा ते कारण एखाद्या घरचे राहणार नाही.

— शाखा सचिव, भिलाई